बाद झालेले गाणे

इटलीतल्या सान रेमो या समुद्रकाठच्या गावी 1951 पासून गाण्यांची स्पर्धा भरते. 1955 पासून ती दूरचित्रवाणीवरही दिसू लागली. पूर्वी तेथे बक्षीस गाण्याला असे, गळ्याला नव्हे. कितीतरी वर्षे एकच गाणे दोघांकडून गाऊन घेत. मला ही रीत मोठी रसिक वाटे. पण 1967 साली लुईजी तेंकोचे गाणे बाद झाले. दालिदानेही तेच गायिले होते. बाद झाले ते गाणे, गायक नव्हे, असे नियम म्हणणार! पण स्वतःच रचलेले गाणे माणसापासून सोलून कसे काढावे? त्याच रात्री तेंको हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडला. स्पर्धा मात्र पुढे चालूच राहिली. 1974 पासून त्याच गावात त्याच्या नावाने स्वतःची गाणी रचून गाणाऱ्यांचा मेळा भरू लागला. त्यात बाद होण्याच्या फेऱ्या नसतात.