भंगाराच्या टेम्पोतून उतरवलेला डिमर

पोस्ट जरा लांबली आहे. सवडीनं वाचा, पण सोमवारच्या बैठकीच्या आधी वाचा.

गेल्या मंगळवारी सकाळी दुकान उघडून अगरबत्ती लावतोय तोच फोन आला. "काका, सभागृहाच्या मागल्या दाराला भंगारवाल्याचा टेम्पो लागलाय. तुमच्या लायटीचे डबे चढवायलेत." फोन करणारं पोरगं आमच्या नाटकात काम करतं. मी शटर अर्धं ओढलं आणि गाडीला किक मारली.

पोचलो तेव्हा डिमरचे दोन पॅक टेम्पोत चढले होते, दोन दारात होते. प्रत्येक पॅकमध्ये सहा चॅनल, म्हणजे एकूण चोवीस. शिवाय प्रेक्षागृहाच्या दिव्यांसाठी असलेले आठ डिमरस्टॅट, तांब्याच्या गुंडाळीचे, एकेक उचलायला घाम फुटावा असे. भंगारवाला सरळ माणूस निघाला. म्हणाला, "शेठ, मला लोखंड-तांबं वजनानं दिलंय. तुम्ही म्हणलात तर उतरवतो, पण माझा हेलपाटा कुणी द्यायचा?" हेलपाटा मी दिला. साहेबांना फोन लावून एकच विचारलं, की हे विकायचं ठरलं त्याचं काही लेखी आहे का? नव्हतं. साहेब चिडले नाहीत. "आठ दिवस राहू द्या. सोमवारी बसू," म्हणाले.

गावाचं आणि सभागृहाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या गावच्यांना सांगायची गरज नाही, आणि जिल्ह्यातल्या बाकीच्यांना हे आपल्याच तालुक्याचं चाललंय असं वाटेल.

आता डिमर म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. घरात पूर्वी पंख्याचा मोठा चौकोनी रेग्युलेटर असायचा, हात लावला तर गरम. पंखा हळू करायचा तर तो वीज स्वतःत जिरवायचा. मोटार पूर्ण चालू ठेवून अर्धं पाणी नाल्यात सोडण्यासारखं. नाटकाचे सुरुवातीचे डिमर असेच होते. त्यानंतर डिमरस्टॅट आला. त्यात वीज वाया जात नाही, गोल मूठ फिरवली की व्होल्टेज कमी-जास्त होतं. आणि १९५७ साली अमेरिकेत थायरिस्टर नावाचा पुर्जा निघाला, त्यावर पुढं आपले हे सहा चॅनलवाले पॅक बनले. हा पुर्जा सेकंदाला शंभर वेळा वीज तोडतो आणि जोडतो. तोडलेला वेळ जास्त तर उजेड मंद. हल्लीचे पंख्याचे काही छोटे रेग्युलेटर त्याच कुळातले.

आणि याच्याही आधीचं म्हणजे मिठाचं पाणी. हसू नका. माझे मोठे मामा गणपतीतल्या नाटकाला लायटी करायचे. सिमेंटच्या पाइपाचा तुकडा उभा करून खालून बंद करायचा, त्यात मिठाचं पाणी, एक पत्रा तळाला, दुसरा दोरीनं वरून सोडलेला. पत्रा खाली गेला की उजेड वाढतो, वर ओढला की कमी. दुसऱ्या अंकापर्यंत पाण्याला उकळी फुटायची. जगभरच्या रंगभूमीवर हा प्रकार चालायचा, मामांनी काही शोध लावला नव्हता. पण पायात चप्पल नाही, खाली ओली जमीन आणि हातात ती दोरी! मामा आयुष्यभर धडधाकट राहिले याचं श्रेय मी देवाला देतो, मामांच्या अकलेला नाही.

मी आपल्या सभागृहाचे डिमर पहिल्यांदा चालवले ते कॉलेजात असताना. राज्य नाट्य स्पर्धेला जायचं होतं, त्याच्या आधी गावात एक प्रयोग. ऊसतोडीला गेलेल्या घराचं नाटक होतं, शेवटी म्हातारी एकटीच चुलीपाशी बसलेली. दिग्दर्शकानं सांगितलं होतं, तीसवरून शून्यावर चाळीस सेकंदांत यायचं, घाई केलीस तर हात मोडीन. मी श्वास धरून ती पट्टी खाली आणली. हॅलोजन मंद होताना नुसता कमी होत नाही. पांढऱ्याचा पिवळा होतो, पिवळ्याचा केशरी, आणि शेवटी निखाऱ्यासारखी एक तांबूस तार उरते. त्या रात्री माझी आई पहिल्या रांगेत होती. तिनं नाटकाबद्दल काही विचारलं नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "तो उजेड कसा काय गेला रे? दिव्यातलं तेल सरल्यावानी." आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. नाटकाबद्दल ती माझ्याशी बोललेलं हे एकच वाक्य मला आठवतं.

तेव्हा माझा जीव यात अडकलेला आहे, हे आधीच कबूल करतो. पुढचं वाचताना ते ध्यानात ठेवा.

साहेबांचं म्हणणं चुकीचं नाही. सभागृह आता बहुउद्देशीय आहे. वर्षात नाटकं किती होतात? मोजून पंधरा रात्री. बाकी सगळे दिवस शाळांची गॅदरिंग, सत्कार, शेतकरी मेळावे, कीर्तन, शोकसभा, प्रशिक्षणं, आणि पुढाऱ्यांच्या सभा. या लोकांना लख्ख उजेड पाहिजे आणि बटण दाबलं की पाहिजे. त्यासाठी एलईडी आले हे उत्तमच झालं. भाषणाला उभ्या माणसाच्या डोक्यावर हजार वॅटचे चार हॅलोजन लावायचे म्हणजे त्याला तंदुरीत घालणं. मे महिन्यात आपल्याकडं तशी गरज नसते.

गडबड सुरू होते ती दोन्ही एकाच जागी आल्यावर. मागच्या गॅदरिंगला एका मंडपवाल्यानं एलईडी पार डिमरच्या चॅनलवर लावले. जवळची पिन तीच होती. एलईडीच्या आत स्वतःचा वीजपुरवठा असतो, त्याला सरळ, न तोडलेली वीज लागते. डिमरनं तोडलेली वीज मिळाल्यावर ते लुकलुकायला लागले, पोरांना वाटलं डिस्को आहे, आणि दोन जळाले. तेव्हापासून "डिमर खराब आहे" अशी आवई उठली. डिमर खराब नव्हता. पिन चुकीची होती.

आता विजेच्या बिलाचा हिशोब. म्हणतात, हॅलोजन वीज खातो. खातोच. एलईडी दीडदोनशे वॅटमध्ये जे करतो त्याला हा हजार घेतो. पण कधी आणि किती वेळ? नाटकाला बारा दिवे धरा, तीन तास धरा, आणि दिवे सरासरी निम्म्यानं चालतात. अठरा युनिट झाले. युनिटला बारा रुपये धरले तरी एका प्रयोगाचे सव्वादोनशेच्या आत. पंधरा प्रयोगांचे किती झाले ते तुम्हीच करा. एवढी वीज वाचवायला नाटकाच्या दर्जाचे, शून्यापर्यंत मऊ उतरणारे एलईडी घ्यायचे तर ते स्वस्त नसतात. आणि जे स्वस्त असतात ते शेवटच्या टप्प्यात पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात आणि टपकन विझतात. म्हातारी चुलीपाशी बसलेली, आणि टपकन. युरोपातही २०१८ साली दिव्यांचे नवे वीजनियम ठरत होते, तेव्हा तिकडच्या नाटकवाल्यांनी ओरड केली आणि रंगमंचाच्या दिव्यांना सूट मिळवली. तेव्हा हा काही आपल्या मागासपणाचा हट्ट नाही.

हा सगळा युक्तिवाद मी गुरुवारपर्यंत घोटून ठेवला होता. चोवीसच्या चोवीस चॅनल परत भिंतीवर लावून घ्यायचे, असं ठरवून मी आमच्या चाचांना घेऊन गेलो. चाचा वीज कंपनीतून वायरमन म्हणून निवृत्त झालेले, वय सत्तरच्या पुढं. मेगर आणि टेस्टर घेऊन आले. मी बोलत होतो, ते एकेक चॅनल उघडत होते. पंधरा ठणठणीत निघाले. पाच दुरुस्त होण्यासारखे. चार मेलेले. मी खूश.

मग त्यांनी विंगेतल्या भिंतीवरची जुनी पेटी उघडली, जिथून या पॅकना वीज येते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इकडं ये. हात लावू नको, नुसतं बघ." केबलचं रबर बिस्किटासारखं झालेलं, बोटानं झडत होतं. उंदरांनी दोन ठिकाणी तांबं उघडं पाडलेलं. आणि न्यूट्रलची तार फेजइतकीच, तीही काळी पडलेली. थायरिस्टरचा डिमर वीज तोडतो तेव्हा तीन फेजचे काही प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना मारत नाहीत, उलट साठत जातात. म्हणून अशा जागी न्यूट्रल जाड लागतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. वीस वर्षांत मी ती पेटी एकदाही उघडली नव्हती.

खरं सांगायचं तर एकदा उघडली होती. एका प्रयोगाला फ्यूज दोनदा उडाला आणि तिसऱ्यांदा मी दुपदरी तार घातली. "नाटक थांबता कामा नये." प्रयोग पार पडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ती तार तशीच राहिली. चाचांनी ती पकडीनं ओढून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "ही कुणाची कारागिरी?" मी सांगितलं, माझी. त्यांनी फक्त चष्मा पुसला.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं, आणि केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री गेलं. तेव्हा मी इथंच हळहळीची पोस्ट लिहिली होती, तुमच्यातल्या पुष्कळांनी ती शेअर केली. ती लिहितानाही माझी दुपदरी तार इथल्या पेटीत होती. आणि खाली खुर्च्यांवर वर्षानुवर्षं आपलीच पोरं गॅदरिंगला बसत होती.

म्हणून माझी मागणी आता मंगळवारी होती ती राहिलेली नाही. सोमवारी मी हे मांडणार आहे.

चोवीस नकोत, बारा चॅनल ठेवू. चांगल्या पंधरातले बारा भिंतीवर, तीन सुट्या भागांसाठी कपाटात. दुरुस्तीचे आणि मेलेले खुशाल भंगारात द्या, पण वजनाची पावती घ्या आणि पैसे सभागृहाच्याच खात्यात जमा करा. केबल, न्यूट्रल, अर्थिंग, एमसीबी सगळं नवं, आणि ते लागेपर्यंत एकही डिमर चालू करायचा नाही. गणपतीतला प्रयोग हुकला तर हुकू द्या. हे मी म्हणतोय, यावर माझ्याच नाटकवाल्यांनी मला काल रात्री व्हॉट्सॲपवर झोडपलंय. झोडपा.

एलईडीच्या पिना वेगळ्या. नुसतं लिहून भागणार नाही, कारण मंडपवाला वाचत नाही. डिमरला जुन्या गोल पंधरा अँपिअरच्या पिना ठेवायच्या आणि एलईडीला निळे इंडस्ट्रियल सॉकेट. एकमेकांत बसतच नाहीत, म्हणजे चूक होणारच नाही. आणि साउंडची लाइन डिमरपासून लांबून न्यायची. कीर्तनकार महाराज माइकमधल्या ज्या घूंऽऽ आवाजाला वैतागतात तो बहुतेक वेळा डिमरचा असतो. दोन तारा एकाच पट्टीतून नेल्या की तो येतो.

डिमरस्टॅटचा निर्णय मला सगळ्यात जड गेला. तिसरी घंटा झाली की ते फिरवून प्रेक्षागृहाचे दिवे उतरायचे, आणि उतरता उतरता हॉल आपोआप गप्प व्हायचा. आता प्रेक्षागृहात एलईडीच्या पट्ट्या लागल्यात. त्यांच्यावर डिमरस्टॅट चालत नाही. बराच वेळ काही फरक पडत नाही आणि मग एकदम फडफडून विझतात. तेव्हा आठही डिमरस्टॅट आयटीआयला द्यावेत असं माझं म्हणणं आहे. तिथं मोटार आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्रॅक्टिकलला ते रोज लागतात, आणि तांब्याच्या भावापेक्षा पोरांच्या हाताला त्याचा जास्त उपयोग. चाचांनी एक ताकीद दिलीय ती इथंच लिहितो. डिमरस्टॅटची मूठ शून्यावर असली तरी वीज मेनपासून वेगळी झालेली नसते, शॉक बसू शकतो. आधी स्विच बंद, मग हात.

राहिला प्रश्न चालवणार कोण. नवा ऑपरेटर भरायला पैसे नाहीत, हे साहेबांचं उत्तर मला तोंडपाठ आहे. मी आणि चाचा, महिन्यातून दोन रविवार, सहा पोरांना शिकवायला तयार आहोत. पोरी आल्या तर जास्त चांगलं, कारण लाइटच्या टेबलावर आजवर आपल्या गावात एकही मुलगी बसलेली नाही. बाहेरून नाटकाची मंडळी येतात, संदीप पाठकांसारखा आपल्या माजलगावचा माणूस महाराष्ट्रभर 'वऱ्हाड निघालंय लंडनला' करतो. तो प्रयोग एकटा माणूस अन् एका उपरण्यावर चालतो, त्याला भारंभार दिवे लागत नाहीत. पण जे चार लागतात ते सांगितलं तेव्हा, सांगितलं तेवढे उतरले पाहिजेत.

सोमवारी दुपारी चारला सभागृहातच बैठक आहे, सगळ्यांना खुली. ज्यांना हे सगळं फालतू वाटतं त्यांनीही या. रस्त्याला खड्डे असताना डिमर कशाला, हे तोंडावर विचारा. तो प्रश्न मलाही पडतो.

आणि कुणाच्या जुन्या घरात, बंद पडलेल्या गिरणीत, मंडपाच्या गोदामात गोल पंधरा अँपिअरच्या चांगल्या पिना पडून असतील तर घेऊन या. चोवीस लागतील. हजार वॅटच्या हॅलोजनचे न वापरलेले बल्बही चालतील, फक्त काचेला बोट लावू नका, फडक्यानं धरा, नाहीतर बोटाच्या तेलकटपणानं काच तडकते. चाचा साडेतीनलाच येणार आहेत. त्यांना बिनसाखरेचा चहा लागतो, कुणीतरी लक्षात ठेवा.