रायतूरची ओवी

गोव्यात मडगावहून ईशान्येकडे निघाले की थोड्याच वेळात राशोल लागते. जुने नाव रायतूर. गाव झुआरी नदीच्या काठी. खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली खाजन भातशेती हे या मुलखाचे वैशिष्ट्य. बांधात 'मानस' नावाची लाकडी दारे असतात. भरतीच्या जोराने दार आपोआप मिटते, ओहोटीला उघडते आणि शेतातले जादा पाणी नदीत निघून जाते.

गावात पूर्वी मोठा किल्ला होता. आज त्याचा दरवाजा तेवढा शिल्लक आहे. टेकडीवर पाद्री तयार करणारी सेमिनरी आहे. तिची पायाभरणी १६०६ साली झाली आणि ती आजही चालू आहे. पण मराठी माणसाने इथे यावे ते एका पुस्तकासाठी. १६१६ साली राशोलच्या छापखान्यात 'ख्रिस्तपुराण' छापले गेले.

पुराण रचणारे फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यात आले, साष्टीच्या गावांतून राहिले आणि लोकांची भाषा शिकले. काळ कठीण होता. पोर्तुगीज अमलात साष्टीतली देवळे पाडली गेली होती. बाप्तिस्मा घेतलेल्यांना जुनी पुराणे वाचायची बंदी होती. घरात नवा धर्म आला, पण चार माणसांत बसून ऐकावे असे काही उरले नाही. धर्मशिकवणीची प्रश्नोत्तरे पाठ होत, मन मात्र भरत नसे. जुनी पुराणे बंद केलीत, तर तशीच दुसरी आम्हांला द्या, अशी मागणी लोकांतूनच आली, असे ग्रंथाच्या आरंभीच सांगितले आहे.

फादरांनी ती मनावर घेतली. विलायतेतले वृत्त त्यांनी आणले नाही. ज्ञानोबा-एकनाथांची ओवी घेतली आणि बायबलमधली कथा सुमारे ११ हजार ओव्यांत सांगितली. मराठीची थोरवीही मनापासून गायिली. ग्रंथ देशी लिपीत छापावा म्हणून १६०८ साली त्यांनी वरिष्ठांकडे अक्षरांचे खिळे मागितले होते. ते मिळाले नाहीत, म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या.

पुढे देवळांत आणि घरांत हे पुराण वाचले जाऊ लागले. १६८४ साली सरकारी हुकूम निघाला की, तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. पहिल्या छपाईची एकही प्रत आज सापडत नाही. पण गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या कुटुंबांनी हाताने उतरून घेतलेल्या पोथ्या जपल्या. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला गेला. छापखाना गेला, हुकूमही गेले, ओवी राहिली.

हीच वाट पुढे नगर जिल्ह्यातही दिसते. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजने रचली, कीर्तने केली. १९०९ साली सुरू केलेले त्यांचे 'ख्रिस्तायन' १९१९ साली ते गेले तेव्हा अपुरे होते. लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. आज खेड्यातल्या चर्चमध्ये टाळ-मृदंगावर भजन रंगते, त्यामागे ही पुण्याई आहे.

राशोलची गोष्ट सांगते ती एवढीच. धर्म कोणताही असो, परक्या चालीवर तो ओठांवर राहतो, घरच्या चालीवर काळजात उतरतो. ज्या मंडळीला आपल्या गावात प्रभूची गोष्ट सांगायची आहे, तिने बाहेरून पेटी आणि पुस्तक आणण्याआधी गावातला भजनी, डफवाला आणि जात्यावर ओवी गाणारी म्हातारी यांना बोलवावे. आणि त्या म्हातारीच्या ओव्या घरातल्या शिकल्यासवरल्या मुलाने आजच वहीत उतरून ठेवाव्यात. राशोलचे पुराण वाचले ते अशाच हाताने लिहिलेल्या वह्यांनी.