नेता नावाचा रेणू

ह्या वीकांताला जरा जीवशास्त्र. घाबरू नका मंडळी, बारावीनंतर मीही त्या वाटेला गेलेलो नाही. पण मेंदूतल्या एका प्रोटीनचं नाव संस्कृतवरून ठेवलंय असं वाचलं, आणि दोन शनिवार त्यातच गेले.

आधी प्रश्न काय आहे ते बघू. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी न्यूरॉन. प्रत्येकातून एक लांब धागा निघतो, अॅक्सॉन, आणि तो कुठेतरी जाऊन जोडला जातो. ही वायरिंग कुठे लिहून ठेवलीय? जीनोममध्ये म्हणाल, तर जीनोम म्हणजे साधारण ३०० कोटी अक्षरं, प्रत्येक अक्षराला दोन बिट. हिशोब करा, ७५० एमबीच्या आसपास. एका सीडीत जेमतेम मावेल न मावेल एवढा! त्यात प्रत्येक वायरीचा पत्ता लिहून ठेवणं शक्यच नाही. मग तिथे लिहिलेले असणार ते फक्त नियम: हा वास आला की तिकडे वळ, तो आला की लांब राहा.

ही कल्पना जुनी आहे. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल ह्यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या भ्रूणात वाढत्या अॅक्सॉनच्या टोकाला एक फुगीर शेंडा पाहिला, ज्याला आज ग्रोथ कोन म्हणतात. रसायनं ह्या शेंड्याला ओढून नेत असावीत, असा तर्क त्यांनी दोनच वर्षांत मांडला. पुढे १९४० च्या दशकात रॉजर स्पेरीने बेडकाची डोळ्याची नस कापली आणि डोळा १८० अंशांत फिरवून बसवला. नस पुन्हा वाढली. बेडकाला दिसायला लागलं, पण सगळं उलटं. माशी वर असली की साहेब झेप घेणार खाली! आणि अनुभवाने तो सुधारलाही नाही. म्हणजे प्रत्येक धागा आपल्या मूळ ठिकाणीच परत गेला होता, तिथे गेल्याने काम बिघडत असतानाही.

पण रसायन कोणतं? ते सापडायला १९९४ उजाडलं. मज्जारज्जूच्या वरच्या, म्हणजे पाठीकडच्या बाजूला काही न्यूरॉन असतात. त्यांचे अॅक्सॉन भ्रूणावस्थेत खाली वाढत जातात, तळाशी मधोमध असलेल्या पेशींच्या पट्टीपाशी (फ्लोअर प्लेट) मध्यरेषा ओलांडतात आणि मग मेंदूकडे वळतात. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मार्क टेसिए-लव्हीन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या भ्रूणातली ही पट्टी काढून जेलमध्ये ठेवली, तर अॅक्सॉन वळून तिच्याकडे यायला लागले. म्हणजे पट्टीतून काहीतरी पाझरत होतं. पण पट्टी इतकी चिमुकली, की त्यातून ते 'काहीतरी' वेगळं काढणार कसं? मग सॅन फ्रान्सिस्कोतल्या त्यांच्या लॅबने कोंबडीच्या भ्रूणांचे हजारो मेंदू जमवले, त्यांचा अर्क काढला आणि तो गाळत गाळत दोन प्रोटीनांपर्यंत पोचले. नाव ठेवलं नेट्रिन, संस्कृत 'नेतृ'वरून. नेणारा, वाट दाखवणारा. आपला 'नेता' त्यातलाच, 'नेणे' हे क्रियापदही त्याच घरातलं, आणि डोळ्याचा 'नेत्र'सुद्धा. (नेत्यांचा आणि वाट दाखवण्याचा संबंध हा वेगळा विषय. असो.)

मला सगळ्यात भारी वाटली ती पुढची गोष्ट. ह्या प्रोटीनची अक्षरं जुळवून पाहिली तर ती एका किड्याच्या जीनशी जुळली! सी. एलेगन्स हा एक मिलीमीटरचा, ३०२ न्यूरॉनवाला किडा. सिडनी ब्रेनरने १९७४ मध्ये त्याचे जे बिघडलेले नमुने प्रसिद्ध केले, त्यांत नीट सरपटता न येणाऱ्यांना 'अनकोऑर्डिनेटेड'वरून 'अंक' अशी नावं दिली होती. त्यातला अंक-६ म्हणजे नेट्रिनचाच भाऊ. किडा आणि कोंबडी ह्यांचा सामाईक पूर्वज ५० कोटी वर्षांहून जुना. तेवढी वर्षं हा कोड कोणी डिलीट केलेला नाही. आमच्या हापिसात पाच वर्षांपूर्वीचं मॉड्यूल बघून लोक नाक मुरडतात.

आता खरी गोम. नेट्रिन अॅक्सॉनला मध्यरेषेकडे ओढतं, ठीक. मग अॅक्सॉन तिथेच का थांबत नाही? ओलांडून पुढे का जातो? ह्याचं अर्धं उत्तर फळमाशीत मिळालं. १९९३ मध्ये एक नमुना सापडला, ज्यात अॅक्सॉन मध्यरेषा पुन्हा पुन्हा ओलांडत राहतात. चौकातल्या सर्कलवर गोल गोल फिरणाऱ्या गाडीसारखे, म्हणून त्याचं नाव राउंडअबाउट, लाडाने रोबो. रोबो हा अॅक्सॉनवरचा रिसेप्टर. मध्यरेषेवरून येणाऱ्या स्लिट नावाच्या प्रोटीनला ओळखून तो अॅक्सॉनला दूर ढकलतो. पण नेट्रिनची ओढ तर अजून शिल्लक आहे, तिचं काय? २००१ मध्ये 'सायन्स'मध्ये टेसिए-लव्हीन ह्यांच्या लॅबचं उत्तर आलं: स्लिट आलं की रोबो हा नेट्रिनच्या रिसेप्टरला (त्याचं नाव डीसीसी) आतून धरतो आणि गप्प करतो. ओढ बंद, ढकलणं चालू. इतकं सुटसुटीत उत्तर, की वाचताना टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

तो पेपर आता मागे घेतलेला आहे.

टेसिए-लव्हीन पुढे स्टॅनफर्डचे अध्यक्ष झाले. २०२२ च्या शेवटी तिथल्या विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने त्यांच्या पेपरांतल्या चित्रांबद्दल प्रश्न विचारले. विद्यापीठाने नेमलेल्या तज्ज्ञांचा अहवाल जुलै २०२३ मध्ये आला. टेसिए-लव्हीन ह्यांनी स्वतः डेटात फेरफार केली किंवा तेव्हा त्यांना ती माहीत होती, असा पुरावा तज्ज्ञांना मिळाला नाही. पण त्यांच्या लॅबमधल्या लोकांनी काही पेपरांत फेरफार केलेली होती, आणि चुका लक्षात आणून दिल्यावर त्या ठामपणे दुरुस्त करण्यात ते कमी पडले. त्यांनी अध्यक्षपद सोडलं. 'सेल'मधला १९९९ चा आणि 'सायन्स'मधले २००१ चे दोन, असे नेट्रिनच्या रिसेप्टरांवरचे तीन पेपर मागे घेतले गेले.

आणि त्याच्या आधीच, २०१७ मध्ये, कुठल्याही गैरव्यवहाराशिवाय मूळ गोष्टीलाही धक्का बसला होता. दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरांत फक्त त्या तळाच्या पट्टीतून नेट्रिन काढून टाकलं. अॅक्सॉन तरीही पोचले! उलट मज्जारज्जूच्या आतल्या बाजूच्या पेशींमधून काढलं, तेव्हा ते भरकटले. म्हणजे नेट्रिन लांबून हाक मारत नसून वाटेत पसरलेलं असतं आणि अॅक्सॉन त्याला धरून सरकतो, असं चित्र पुढे आलं. २०१९ मध्ये आणखी प्रयोग झाले आणि पट्टीतल्या नेट्रिनचाही हातभार असल्याचं दिसलं. क्रमिक पुस्तकातली ती देखणी आकृती मात्र इतकी सोपी राहिली नाही.

मग नेट्रिनचं काय उरलं? माझ्या मते जवळजवळ सगळं. अंक-६ चा बिघाड किड्याच्या अभ्यासकांना ह्या लॅबच्या आधीच माहीत होता. २०१० मध्ये दुसऱ्याच संशोधकांना माणसांत डीसीसी जीनचा बिघाड सापडला. त्या लोकांनी एका हाताने काही केलं की दुसराही हात आपोआप तेच करतो. शर्टाचं बटण लावताना काय होत असेल, कल्पना करा. हे एकाच्या लॅबचं मशीन नव्हे, वेगवेगळ्या सर्व्हरचे लॉग आहेत, एकमेकांशी न बोलता तेच सांगणारे. पडलं ते त्या तथ्यांना जोडणारं सुबक स्पष्टीकरण. प्रोडक्शनमध्ये बग शोधणाऱ्या कुणालाही हा अनुभव ओळखीचा वाटेल: जी थिअरी मीटिंगमध्ये सगळ्यांना पटकन पटते, तिचाच टेस्ट कोणी लिहिलेला नसतो.

मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. २००१ ते २०२३ म्हणजे बावीस वर्षं. तेवढ्यात किती पीएचडीचे विद्यार्थी त्या पेपरवर आपला प्रयोग उभारून, तो चालत नाही म्हणून स्वतःला दोष देत रात्री जागले असतील? अशांची यादी कुठल्या अहवालात येत नाही.

रोबोबद्दल एक राहिलंच. त्याचा एक भाऊबंद आहे, रोबो-३. तो बिघडलेली माणसं २००४ मध्ये सापडली. त्यांच्यात मेंदूकडून हातापायांकडे जाणारे मोठे धागे बाजू ओलांडतच नाहीत. आपल्या उजव्या हाताचा कारभार डावा मेंदू बघतो, त्यांच्या उजव्या हाताचा उजवाच. आणि तरीही हातपाय व्यवस्थित चालतात! पाठीचा कणा मात्र वाकत जातो, आणि डोळे आडवे फिरत नाहीत. बाजूचं काही बघायचं तर त्यांना सगळी मान वळवावी लागते.