भाभीला कोणी सांगितले?

२७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या प्रत्येक मुलाला एक इंजेक्शन द्यायचे होते आणि सुरुवात शाळांपासून होती. हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या उर्दू शाळेत लस पोहोचण्याआधी मोबाईलवरचा एक आवाज पोहोचला. कोणी पुरुष रडवेल्या स्वरात सांगत होता की ही सुई मुसलमानांची पुढची पिढी संपवण्यासाठी आहे, एका शाळेत चार मुले जागीच बेशुद्ध पडली, आपली लेकरे घरी ठेवा. लसीच्या दिवशी आमचा वर्ग निम्मा रिकामा होता. न आलेल्यांत आमच्या जिवलग मैत्रिणीची दोन्ही मुले होती.

ही मैत्रीण भोळी नाही. आम्ही दोघी एका बाकावर शिकलो. दहावीनंतर तिचे लग्न झाले, आम्ही बी.एड.पर्यंत गेलो, एवढाच फरक. ती घरी शिलाई करते. कापड सुती आहे म्हणून दुकानदाराने शपथ घेतली तरी धागा ओढून, जाळून पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. अशी पारखी बाई बिननावाच्या आवाजावर विश्वास कसा ठेवते, हे आम्हाला कळेना.

शाळेत मत असे पडले की पालकांना बोलावून नीट खडसवावे. आम्ही संध्याकाळी तिच्या घरी गेलो. दारातच ती म्हणाली, "सुई का बोलनेकू आई क्या? तो चा पी और जा."

आम्ही चहा प्यायलो. लसीचे नाव काढले नाही. तीच बोलली.

तिने आधी आईची गोष्ट सांगितली. आणीबाणीत नसबंदीवाले येणार अशी हूल उठली की तिचे वडील आणि चुलते रात्री ज्वारीच्या रानात झोपायला जात. मग म्हणाली, "पाकिस्तानात लशीच्या नावाखाली हेरगिरी झाली, हे खोटे आहे का?" आणि शेवटी, "तेव्हा नसबंदीच्या केसेस कोण आणायचे? मास्तरच ना?"

यातले काहीच खोटे नव्हते. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि अनेक ठिकाणी शिक्षकांना माणसे आणण्याचे उद्दिष्ट दिले होते. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. अबोटाबादलाही २०११ मध्ये ओसामा बिन लादेनचा शोध घेण्यासाठी अमेरिकेच्या सीआयएने हेपटायटिस-बीच्या लसीची बनावट मोहीम चालवली होती. आम्ही "हो, हे खरे आहे" म्हटले तेव्हा तिने शिलाई थांबवली आणि पहिल्यांदा आमच्याकडे पाहिले. आजवर जो कोणी समजवायला आला होता त्याने तिच्या आईलाही खोटे ठरवले होते. अफवेत खऱ्याची माती मिसळलेली असते, म्हणून ती इतकी घट्ट धरते. खरे तेवढे मान्य केल्याशिवाय खोट्याला हात घालता येत नाही, असे आम्हाला वाटते.

दुसऱ्या भेटीत विषय कुरआनवर गेला. सूरह हुजुरातमध्ये अल्लाहने बजावले आहे की एखादा फासिक बातमी घेऊन आला तर खातरजमा करा, नाहीतर नकळत कोणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. आम्ही त्याची आठवण केली. ती चटकन म्हणाली, "मेरी भाभी फासिक है क्या?"

आता आमच्या ध्यानात आले. तो आवाज तिला नांदेडच्या भावजयीने पाठवला होता. तिचा विश्वास आवाजावर नव्हताच, भाभीवर होता. बाळंतपणात चाळीस दिवस जिने पाठ शेकली, ती भाभी. मेसेज खोटा म्हणणे म्हणजे भाभीला खोटे म्हणणे. घरोघरी असेच असते. बातमी नात्याच्या पदराआडून येते आणि आपण पदर पाहून दार उघडतो.

आम्ही म्हणालो, "भाभी फासिक नाही. पण बातमी भाभीने पाहिलेली नाही, भाभीकडे कोणी तरी आणली आहे. तो कोण?"

तिने तिथेच फोन लावला. भाभीला तो मेसेज तिच्या बहिणीकडून आला होता. बहिणीला शेजारणीकडून. शेजारणीला एका ग्रुपवरून, आणि त्या ग्रुपवर कोणी टाकला ते कोणालाच सांगता येईना. कोणत्या गावची शाळा? माहीत नाही. बेशुद्ध पडलेल्या चौघांपैकी एकाचे तरी नाव? नाही. तिने फोन ठेवला आणि बराच वेळ मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला होता. मुले पळवणाऱ्यांचे मेसेज तेव्हा तिच्याही फोनवर येत होते. ती आपणहून म्हणाली, "वो भी मैंच आगे भेजी थी."

आम्ही यावर काही बोललो नाही. मोहल्ल्यातल्या बायकांत, सासरच्या माणसांत हे बोलणे कधी काढले नाही. चारचौघांत मान खाली घालावी लागली की माणूस चूक सोडत नाही, उलट तिला कवटाळून बसतो.

तरीही ती लगेच लसीला तयार झाली असे नाही. मेसेज खोटा असेल, पण लस चांगली कशावरून? प्रश्न रास्त होता. आम्ही सांगितले, तुझे प्रश्न लिही आणि आरोग्य केंद्रात जाऊन तूच विचार, आम्ही फक्त सोबत येतो. तिने शिलाईच्या मापांच्या वहीत मागच्या पानावर उर्दूत पाच प्रश्न लिहिले.

नर्सबाई हिंदू होत्या, कामात होत्या, पण उठून त्यांनी कुपी हातात दिली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. एका कुपीत दहा मुलांची लस. पावडरीत द्रावण मिसळले की चार तासांत वापरायची, उरली तर फेकायची. आमच्या शेजारच्या मराठी शाळेतही हीच पेटी गेली होती. मैत्रिणीने कुपी उजेडात धरून कापडासारखी निरखली. दहा जणांच्या कुपीत मुसलमान मुलाचा थेंब वेगळा कसा काढणार, हे तिचे तिलाच उमगले असावे, कारण पहिले दोन प्रश्न तिने विचारलेच नाहीत.

तिसरा प्रश्न गर्भाशयाचा होता. नर्सबाईंनी सांगितले की रुबेला म्हणजे जर्मन गोवर. मुलांना त्यात थोडा ताप आणि पुरळ येते, विशेष काही नाही. पण गरोदर बाईला सुरुवातीच्या महिन्यांत तो झाला तर गर्भ पडू शकतो, किंवा बाळ बहिरे, मोतिबिंदूचे किंवा हृदयाचा दोष घेऊन जन्माला येऊ शकते. आज मुलीला टोचायचे ते उद्या तिच्या पोटातल्या बाळासाठी. अफवेने नेमके याच्या उलट सांगितले होते. बाहेर आल्यावर तिला आणखी एक गोष्ट आठवली: सासरे हजला निघाले तेव्हा मेंदुज्वराची लस घेतल्याशिवाय जाता येत नव्हते, आणि ती अट सौदी सरकारची होती.

शेवटचा प्रश्न तिने खाली बघून विचारला, "तुमच्या मुलीला दिली का?" नर्सबाईंची मुलगी मागच्याच खोलीत गृहपाठ करत होती. तिच्या अंगठ्याच्या नखावर मोहिमेच्या शाईची खूण अजून पुसट दिसत होती.

पुढच्या आठवड्यात दोन्ही मुलांना लस दिली. धाकटीला रात्री थोडा ताप आला. मध्यरात्री आमचा फोन वाजला. आम्ही गेलो आणि सकाळपर्यंत बसलो. ताप येऊ शकतो हे नर्सबाईंनी आधीच सांगितले होते, पण आईला ते रात्री दोन वाजता आठवत नाही.

अफवेचे दुसरे तोंड तिने २०२० च्या एप्रिलमध्ये पाहिले. तबलिगी जमातीवरून कोरोनाचे खापर आपल्या सगळ्यांवर फुटले होते. फळांना थुंकी लावतात असे व्हिडिओ फिरत होते. तिचा भाऊ हातगाडीवर केळी विकतो. वर्षानुवर्षे ज्या खेड्यांत तो जात होता त्यांतल्या एका खेड्याने वेशीवरूनच त्याला परत पाठवले. ती फोनवर रडली आणि मग म्हणाली, "त्या गावातल्या बाईलासुद्धा तिच्या भाभीनेच पाठवला असेल ना?" २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचे दिसते असे नोंदवले. ती बातमी आम्ही तिला वाचून दाखवली. केळी मात्र कधीच सडून गेली होती.

२०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीकडे आणि भिवंडीत गोवराने लहान मुले दगावली. त्यांत आपल्या वस्त्यांमधली मुले बरीच होती. ती बातमी तिनेच आम्हाला दिली.

सगळे मिटले आहे असे नाही. तिची सासू लसीच्या नावाने अजून दार लावते, आणि धाकट्या दिराचे बाळ आता नऊ महिन्यांचे झाले आहे, गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसचे वय. या जुम्मानंतर आम्ही दोघी सासूबाईंकडे जाणार आहोत. बोलायचे काम तिचे. आम्हाला तिने बजावले आहे की तू फक्त चहा प्यायचा.