फिक्या पिसांचे दिवस

भात पिवळं पडायला लागलं की आमच्या खांब गावाच्या आसपासची तळी बघण्यासारखी होतात. पाऊस ओसरलेला, पाणी निवळलेलं, काठाला उथळ पट्टा उरलेला. डोकं पाण्यात आणि शेपूट वर करून चरणाऱ्या बदकांना हाच पट्टा हवा असतो. खोल पाण्यात त्यांची चोच तळापर्यंत पोचत नाही. म्हणून दुर्बीण मी आधी काठाकाठाने फिरवतो, मधलं पाणी नंतर.

मन वेगळ्या पाहुण्याकडे ओढ घेतं, पण ऑक्टोबरात रंगावर विसंबता येत नाही. विणीनंतर नरांची भडक पिसं गळतात आणि काही महिने ते मादीसारखे मळकट तपकिरी दिसतात. भुवई बदक लवकर येणाऱ्यांपैकी. पुस्तकातल्या नराला रुंद पांढरी भुवई असते, ती आपल्याकडे दिसायला हिवाळा सरत यावा लागतो. आत्ता बघायचे ते चेहऱ्यावरचे गडद-फिके पट्टे आणि चोचीच्या मुळाशी असलेला फिकट ठिपका. नर उडाला तर पंखाचा पुढचा भाग निळसर राखाडी दिसतो. तलवार बदकाची शेपटी अजून वाढलेली नसते. तिथे लांब, सडपातळ मान आणि करडी चोच कामाला येते. थापट्याची पसरट चोच मात्र कुठल्याही पिसांत ओळखू येते.

अडईंचा थवा दिसला की नेहमीचीच बदकं म्हणून नवखे लोक पुढे सरकतात. मला वाटतं, खरं काम तिथेच सुरू होतं. एकेक डोकं बघत गेलं तर त्यांच्यात, पोयणीच्या पानांआड, अडईहूनही लहान, आखूड चोचीची काणूक सापडू शकते. नर फिका पडला तरी उडताना पंखावरचा पांढरा पट्टा दिसतोच.

‘हंस आलाय’ असा निरोप आला, की मी आधी विचारतो, जवळपास कुणी हंस पाळलेत का? चोचीच्या मुळाशी टेंगूळ, मागचा भाग जड आणि लोंबता असेल तर तो पाळीव. रानटी पाहुणा असेल तर तो बहुधा पट्टकादंब, त्याच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. लडाख, तिबेट, मंगोलियाच्या सरोवरांकाठी वाढलेले हे पक्षी हिमालय ओलांडून येतात. अंगावर यंत्र बसवलेल्या काहींची उंची सात हजार मीटरांपलीकडे नोंदली गेली आहे. महाराष्ट्रात त्यांचा ओढा जायकवाडी, उजनीसारख्या जलाशयांकडे, कारण तिथे चरायला मोकळे, विस्तीर्ण काठ मिळतात. आपल्या झाडीत दडलेल्या तळ्यांवर पट्टकादंब दिसला, तर नोंदीसाठी फोटो आणि वेळ दोन्ही हवेत.

वन्यजीव लेखक मारुती चितमपल्ली आणि पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. शाळेतली मुलं तेव्हा तळ्यावर येतात. त्यांना मी दुर्मीळ पक्षी दाखवायचं वचन देत नाही, मोजायला शिकवतो. काहीच दिसलं नाही तर वहीत शून्य लिहायचं, पान कोरं सोडायचं नाही.

मला धास्ती वाटते ती तळ्यांच्या सुशोभीकरणाची. चारही बाजूंनी उभी भिंत बांधली की उथळ पट्टा जातो. काठावरचं जुनं, पोकळ झाड तोडलं की काणकेची ढोली जाते. ती अशाच ढोलीत अंडी घालते. गाळ काढावा, गावाला पाणी हवंच. पण एक बाजू उतरत्या मातीची ठेवली तर गुरांनाही पाण्यापर्यंत जाता येतं. येत्या ग्रामसभेत मी हेच मांडणार आहे, मुलांची वही पुढे ठेवून.