थोरल्या भावाचं गाणं

पळसदरीला पुण्याच्या गाड्या थांबत नाहीत. कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात, तेवढ्या वेळात खिडक्यांतून वडे विकले जातात आणि गाडी जडपणे हलते. आमच्या स्टेशनात येईस्तोवर तिला चढणीची जाणीव झालेली असते. इथेच रूळ वेगळे होतात. एक जोडी केळवली-डोलवलीवरून खोपोलीला जाते, दुसरी ठाकूरवाडी, मंकी हिल करत खंडाळ्याला. खोपोलीपर्यंत आगगाडी १८५६ सालीच आली होती. पुढचा डोंगर माणसं डोलीत बसून, घोड्यावरून नाहीतर पायी चढत. घाटातला लोहमार्ग १८६३ला सुरू झाला. तेव्हापासून पुणे-मुंबई करणारे किती नट, किती गवई इथून गेले असतील! नाटक मंडळी म्हणजे एक हलतं गावच. गुंडाळलेले पडदे, खोट्या दागिन्यांच्या पेट्या, भांडीकुंडी, आचारी, आणि गवसणीत घातलेले तंबोरे. ते सगळं या दरीतून वर गेलं आणि खाली आलं.

त्या सगळ्यांत मला एक भाऊ आणि त्याच्या बहिणी पुन्हा पुन्हा आठवतात. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कमलाबाई, सरस्वतीबाई. पावसाळ्यात सोंडाईच्या डोंगराकडचे ओहोळ वाजायला लागले की इथे रात्री दुसरं फारसं काही ऐकू येत नाही, मालगाडी सोडली तर. अशा रात्री मी हिराबाई लावतो. त्या गाण्यामागे कोणीतरी उभं आहे असं मला नेहमी वाटत आलं आहे, आणि ते कोण हे मला ठाऊक आहे.

हे घराणं मोडलेल्या घरातून उभं राहिलं. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ, किराणा घराण्याच्या स्वराला महाराष्ट्रात घर देणारे. आई ताराबाई माने, बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या. दोघं वेगळी झाली आणि ताराबाईंनी मुलांसकट नवा संसार मांडला, नवी नावंही दिली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकलीची हिराबाई. वडिलांचं नाव गेलं. वडिलांचा स्वर मात्र कुणालाही काढून घेता येण्यासारखा नव्हता. तो थोरल्या मुलाच्या गळ्यात बसलेला होता. १९०२चा जन्म; लहानपणी खाँसाहेबांकडून मिळालेली तालीम आणि पुढे अब्दुल वहीद खाँसाहेबांची आलापी, एवढी पुंजी घेऊन हा मुलगा धाकट्या बहिणींचा गुरू झाला. हिराबाई त्याच्याहून तीन वर्षांनी लहान, मिरजेत १९०५ साली जन्मलेल्या. सरस्वतीबाई तर अकरा वर्षांनी लहान. भाऊ म्हणून जे प्रेम असतं ते होतंच, पण रियाजाला बसलं की तोच गुरू. घरातल्या घरात हे नातं सांभाळणं सोपं नसतं. जेवताना ज्याच्याशी भांडायचं, त्याच्यासमोर तासाभरानं मान खाली घालून षड्ज लावायचा.

१९२९च्या सुमाराला ही भावंडं रंगभूमीवर आली. आज त्यातलं धाडस लक्षात येत नाही. बालगंधर्वांची सुभद्रा, बालगंधर्वांची भामिनी हेच स्त्रीचं रूप प्रेक्षकांच्या डोळ्यांत मुरलेलं. घरंदाज बायका शालू कसा नेसायचा, केसांत फुलं कशी माळायची, ते त्या पुरुषाकडे पाहून शिकत होत्या. आणि इथे ताराबाईंच्या मुली स्वतः रंगमंचावर उभ्या राहून स्त्रियांच्या भूमिका करू लागल्या, गाऊ लागल्या. भाऊ त्याच मंडळीत. ती मंडळी म्हणजे नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा. ‘सौभद्र’सारखी नाटकं झाली. चिमुकल्या वयापासून नाटकात काम करणारी सरस्वतीही होती.

रंगभूमीवर भावंडाबरोबर काम केलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. वाक्य विसरलं तर समोरच्याच्या डोळ्यांत ते सापडतं. गाणाऱ्या भावंडांचं तर विचारूच नका. एकानं सोडलेली जागा दुसऱ्याला न सांगता कळते, कारण दोघांनी ती एकाच सतरंजीवर बसून घोटलेली असते. पेटीवर आणि तबल्यावरही सुरेशबाबूंचा हात चालायचा. बहिणीचं गाणं त्यांना आतून, ठेक्याच्या बाजूनंही, माहीत होतं.

त्याच काळात आमच्या घाटातही उलथापालथ चालली होती. गाडी उलटी फिरवून चढवण्याचा जुना वळसा बंद झाला, विजेची इंजिनं आली, १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावली. पुणं मुंबईच्या जवळ आलं. पण मुंबईत आणखी एक गोष्ट आली होती, बोलपट. त्याच्यापुढे भल्याभल्या नाटक मंडळ्या टिकल्या नाहीत, तिथे ही घरगुती मंडळी कशी टिकावी? ती कर्जात बुडाली. ते कर्ज हिराबाईंनी मैफिली करून फेडलं. सुरेशबाबूही पडद्यावर दिसले, प्रभातच्या १९३४च्या ‘अमृतमंथन’मध्ये. पण तो त्यांचा मुक्काम नव्हता. ते परत आपल्या तंबोऱ्याकडे आले, शिकवणीकडे आले.

१९३७च्या ऑक्टोबरात वडील गेले. मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना गाडीत त्यांना बरं वाटेना, म्हणून सिंगपेरुमाळकोईल नावाच्या एका लहान स्टेशनावर उतरले. फलाटावर बसून गायले आणि तिथेच संपले. आमच्या पळसदरीसारखंच असणार ते स्टेशन, असं मी मनाशी धरून चाललो आहे. मोठ्या गाड्या जिथे थांबत नाहीत अशा ठिकाणी भारतातला एक थोर स्वर थांबला. दुरावलेल्या मुलांना ती बातमी कशी कळली असेल याची कल्पना करण्याचं धाडस मला होत नाही.

सुरेशबाबूंचा आवाज दणदणीत नव्हता. त्यांना सभा जिंकायची नव्हती. स्वर लागला की त्याच्याजवळ बसून राहायचं, त्याला हळूच पुढच्या स्वराकडे न्यायचं. ठुमरीत तर शब्दाला असं गोंजारायचं की ऐकणाऱ्याला आपलंच काही जुनं दुखणं आठवावं. ध्वनिमुद्रणं फार नाहीत, आणि जी आहेत त्यांतली बरीच तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत कोंबलेली. ज्यांचं सगळं सौंदर्य विस्तारात त्यांना तीन मिनिटं! मला याचा आजही राग येतो. त्या काळच्या यंत्राला तेवढंच झेपत होतं हे समजतं, तरी येतो.

१५ फेब्रुवारी १९५३ रोजी ते गेले. पन्नास वर्षांचे होते. जगाच्या हिशेबात हे काही कोवळं वय नव्हे, असं कोणी म्हणेल. ख्याल गाणाऱ्याच्या हिशेबात ते कोवळंच. गळ्याची धडपड संपते, काय गायचं नाही हे कळायला लागतं, आणि खरं गाणं सुरू होतं ते याच वयाला. किराणा घराण्याची संथ आलापी तर पन्नाशीनंतर अधिकच खुलते. सुरेशबाबूंचं ते गाणं कोणी ऐकलंच नाही.

हिराबाई तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या. गानहिरा म्हणून नाव गाजत होतं. भावाबद्दल त्या काय बोलल्या यापेक्षा पुढे त्यांनी काय केलं ते मला जास्त बोलकं वाटतं. सुरेशबाबूंपाशी एक मुलगी शिकत होती, प्रभा अत्रे. १९३२चा जन्म, म्हणजे तेव्हा विशीतली. गुरू गेल्यावर तिला हिराबाईंनी जवळ केलं. भावाची अर्धी राहिलेली शिकवण बहिणीनं पुढे चालवली. मैफिलींना त्या तिला बरोबर नेत, मागे तंबोऱ्यावर बसवत, गायला लावत. भाऊ गेलेल्या बाईनं त्याच्या शिष्येचा आवाज रोज आपल्या पाठीमागे ऐकायचा, आणि त्यात कधी अचानक त्याचीच एखादी मुरकी यायची. रंगभूमीवर उभं राहिलेल्या बाईलाच हे जमावं. नटाला अंगावरचे शहारे आवरायची सवय असते. हिराबाई मैफिलीत दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन अगदी स्थिर बसत. हातवारे नाहीत, चेहऱ्यावर ताण नाही. नाटकातून आलेल्या बाईनं आपल्या गाण्यातून सगळं नाटक काढून टाकलं होतं.

पुढे हिराबाई आणि सरस्वतीबाई जुगलबंदी गाऊ लागल्या. दोन स्त्रियांनी असं एकत्र ख्याल गाणं तेव्हा नवीन होतं. मी ते ध्वनिमुद्रण ऐकतो तेव्हा दोन बहिणींच्या मध्ये मला तिसरा दिसतो. एक बहीण स्वर ठेवते, दुसरी उचलते, आणि मधल्या त्या निमिषभराच्या सांध्यात ज्यानं दोघींना ‘असं नाही, असं’ म्हणून शिकवलं असेल तो भाऊ असतो. तो सांधा मी कितीदा तरी मागे नेऊन ऐकला आहे.

सुरेशबाबूंची आणखी एक वाट वसंतराव देशपांड्यांच्या गळ्यातून गेली. अनेक गुरूंचं घेऊन स्वतःचं काहीतरी भन्नाट करणारा तो माणूस. पण त्या अनेकांत सुरेशबाबू होते, आणि १९६७ला ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आलं तेव्हा नाटकातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेत तेच वसंतराव उभे होते. ज्या मराठी रंगभूमीवर सुरेशबाबूंची मंडळी कर्जात बुडाली, तिच्यावर त्यांचा शिष्य गाण्याच्या बळावर प्रयोगामागून प्रयोग करत राहिला. हे सुरेशबाबूंनी पाहायला हवं होतं.

हिराबाई १९८९ला गेल्या, सरस्वतीबाई २००६ला. प्रभाताई अत्रे १३ जानेवारी २०२४ला पुण्यात गेल्या, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षानंतरही गात. त्याच दिवशी मुंबईत त्यांचं गाणं ठरलेलं होतं. म्हणजे त्या या घाटातूनच खाली येणार होत्या, रेल्वेनं नाहीतर मोटारीनं. गुरूला मिळालेल्या आयुष्यापेक्षा चाळीस वर्षं जास्त त्यांना मिळाली, आणि ती त्यांनी गाण्यात घातली.