कोंबडीचा तळवा

लाली दोन दिवस एका पायावर उभी होती. विसावताना कोंबड्या एक पाय पोटाशी घेतातच, म्हणून मी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी दाणे टाकले तेव्हा ती सगळ्यांच्या मागून आली, लंगडत. उचलून पाऊल उलटं केलं, तर तळव्याच्या मधोमध हरभऱ्याएवढी काळी खपली आणि भोवती गरम सूज. अंडं मात्र तिने तिन्ही दिवस दिलं होतं. मी अंडं उचलत होते, कोंबडी उचलून पाहत नव्हते.

*

पोल्ट्रीवाले याला बंबलफूट म्हणतात. तळव्याला बारीक जखम होते, तिच्यातून जंतू आत शिरतात (बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस) आणि पू धरतो. कोंबडीचा पू माणसाच्या पुवासारखा वाहत नाही. बांधलेल्या चक्क्यासारखा घट्ट गोळा होऊन बसतो. म्हणून गळू पिळून काही निघत नाही, उलट संसर्ग आत सरकतो आणि सांध्यापर्यंत पोचू शकतो. लवकर लक्षात आलं तर कोमट मिठाच्या पाण्यात पाय शेकणं, स्वच्छ पट्टी आणि कोरडी जागा एवढ्यावर भागू शकतं. गाठ कडक झाली की पशुवैद्यकाकडे न्यायचं. घरी ब्लेड लावायचं नाही. लालीचा गोळा डॉक्टरांनी भूल देऊन काढला. जखम भरायला पाच आठवडे लागले.

*

कारण खुराड्यातच होतं. बसायला मी लोखंडी अँगल टाकला होता, धारेची बाजू वर. कुजत नाही, धुवायला सोपा, असा माझा हिशेब.

कोंबडी दांड्यावर बसते तेव्हा गुडघा-घोटा दुमडतो, त्याबरोबर पायामागच्या शिरा ताणल्या जातात आणि बोटं आपोआप मिटतात. त्यामुळे झोपेतही ती पडत नाही. पण रात्रभर सगळं वजन तळव्यावर असतं. दांडा अरुंद किंवा धारदार असला की ते एका रेघेवर येतं. आता चार-पाच सेंटिमीटर रुंदीची, कडा तासून गोल केलेली लाकडी पट्टी आहे. उंचीही कमी केली. चढताना कोंबडी पंखांचा आधार घेते, उतरताना मात्र धपकन येते, आणि खाली फरशी असेल तर तो मार तळव्यालाच बसतो.

*

एका लेयर फार्मवर गेले होते. तीन मजली पिंजरे, आत पांढऱ्या कोंबड्या. अंडी घरंगळून पुढे यावीत म्हणून जाळीची जमीन उताराची. अठराव्या आठवड्याच्या सुमारास तलंग त्या उतारावर उभी राहते ती वर्षभराहून जास्त, भाकड ठरेपर्यंत. आपल्याकडे एका कोंबडीच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा येते. ए-फोर कागद सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे पाऊण कागदाहूनही कमी.

नखं बघून पोटात कालवलं. काहींची इतकी वाढलेली की वळून आडवी झाली होती. कोंबडीचं नख झिजतं ते उकरण्यानं. दोनदा पायाने माती मागे ओढायची, एक पाऊल मागे सरून बघायचं, टिपायचं, हे तिचं दिवसभराचं काम. तारेवर उकरणार काय? वाढलेलं नख जाळीत अडकतं, मोडतं, आणि पिंजऱ्यातून ओढून काढताना मुळापासून उपटतंही. स्वीडनमध्ये राग्नर टाउसन यांनी १९८०च्या दशकात यावर साधा उपाय दाखवला: खाद्याच्या पन्हळीमागे खरखरीत पट्टी चिकटवायची. खाताना कोंबडी पाय मारतेच, तेवढ्यात नख घासलं जातं. खर्च किरकोळ. त्या फार्मवर ती पट्टी नव्हती.

*

वहीत ठळक लिहून ठेवलेली गोष्ट. रूथ हॅरिसन यांच्या कारखानी पशुपालनावरच्या १९६४च्या पुस्तकानंतर ब्रिटनमध्ये अशा जनावरांच्या स्थितीची पाहणी करायला ब्रॅम्बेल समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६५चा. समितीने म्हटलं, बारीक तारेची षट्कोनी जाळी पायाला वाईट, जाड तारेची वापरा. माणसाला तसंच वाटणार. १९७३ साली ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी कोंबड्यांनाच दोन्ही जाळ्या दिल्या. कोंबड्यांनी बारीक जाळी पसंत केली. तिची वीण दाट, पावलाला जास्त ठिकाणी टेकू मिळतो.

समिती कळकळीची होती, तरी चुकली. मात्र दोन तारांमधून एक निवडली म्हणजे कोंबडीला तार आवडते, असा अर्थ काढणं अन्यायाचं होईल. मातीचा पर्याय तिच्यापुढे ठेवलेलाच नव्हता.

*

युरोपीय संघाचा १९९९चा निर्देश वाचला. साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद. सुधारित पिंजऱ्यात दर कोंबडीला ७५० चौरस सेंटिमीटर, १५ सेंटिमीटर दांडा, नखं झिजवण्याची सोय, आणि जमीन अशी की दोन्ही पावलांच्या पुढच्या प्रत्येक बोटाला आधार मिळावा. कायद्यात कोंबडीची बोटं मोजलेली पाहून मला फार बरं वाटलं. आपल्या १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ पिंजऱ्यात हालचालीपुरती जागा मागतंच. विधी आयोगाने २०१७च्या २६९व्या अहवालात कोंबड्यांचा विषय स्वतंत्रपणे घेतला.

*

पिंजरा काढला की पाय बरे होतात, असंही नाही. दांडे आले तसा बंबलफूटही आला. ओला, घाणेरडा दांडा असला की हमखास. जमिनीवर तुसाचा थर पसरतात त्या गादी पद्धतीत वेगळंच. पावसाळ्यात तूस भिजतं, विष्ठेचा अमोनिया सुटतो, तळव्याची कातडी भाजल्यासारखी होते. मूठभर तूस दाबून बघावं. मूठ उघडल्यावर भुरभुरलं तर ठीक. लाडू तसाच राहिला तर पाण्याचं गळकं निप्पल शोधा, गादी रोज खालीवर करा, ओलं तूस बाहेर काढा.

*

गावाकडे बऱ्याच कोंबड्यांच्या पायाच्या नळ्यांवरचे खवले उचललेले, पांढरे, खडबडीत दिसतात. ‘म्हातारी झाली’ म्हणून सोडून देतात. ते वय नव्हे. खवल्याखाली डोळ्यांना न दिसणारे किडे घर करतात, भयंकर खाज असते, आणि हे दुखणं एका कोंबडीकडून दुसरीकडे पसरतं. रॉकेल चोळू नका, कातडी जळते. पाय धुऊन, वाळवून व्हॅसलिन जाडसर लावा, किडे गुदमरतात. काही आठवडे पुन्हा पुन्हा लावावं लागतं. दांडेही घासून धुवा.

*

अंड्याचा दर रोज छापून येतो, पावलांची खबर येत नाही. ज्यांच्याकडे दहा कोंबड्या आहेत त्यांनी आणि ज्यांच्याकडे दहा हजार आहेत त्यांनीही आज अंधार पडल्यावर, त्या शांत झाल्या की, चार-पाच उचलून पावलं उलटी करून बघा. सूज, खपली, वाढलेलं नख दिसलं तर उद्या सकाळी आधी जमीन आणि दांडा तपासा.